सात हजार कोटी कॉफी विकून फिटले नाहीत

मालविका हेगडे यांच्यावरचा तो फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. नवरा गेला, डोक्यावर 7,000 कोटींचं कर्ज, एका साध्या गृहिणीनं पदर खोचला आणि दोन वर्षांत एकटीच्या जिद्दीवर कॅफे कॉफी डे कर्जातून वर काढून तिला पुन्हा वैभव मिळवून दिलं, असा एकूण मजकूर. मोठमोठ्या बातम्यांच्या साइट्सनीही तो थोड्याफार फरकानं असाच छापलाय. या वेळी तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला. पाठवणाऱ्यानं खाली माझ्या मावसबहिणीचं नाव घालून लिहिलं, ‘वाच आणि काहीतरी शीक.’ म्हणून हे लिहायला बसले.

आधी कर्जाचं बघू, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. मार्च 2019 अखेर कॉफी डे एंटरप्रायझेसवर, म्हणजे कॅफे कॉफी डेच्या मूळ कंपनीवर, 7,200 कोटींच्या घरात कर्ज होतं. मालविकांचे पती आणि कंपनीचे संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ यांनी हयातीतच, एप्रिल 2019 मध्ये, माइंडट्री या आयटी कंपनीतला समूहाचा हिस्सा एल अँड टीला विकला. त्याचे 3,200 कोटींच्या वर आले. जुलैमध्ये सिद्धार्थ गेले. मग बंगळुरूचं ग्लोबल व्हिलेज टेक पार्क ब्लॅकस्टोन आणि सलारपुरिया सत्त्व यांना 2,700 कोटींना द्यायचं ठरलं. मार्च 2020 मध्ये कंपनीनं शेअर बाजाराला स्वतःच कळवलं की त्या पैशातून 13 कर्जदात्यांचे 1,644 कोटी फेडतोय. त्या महिनाअखेर कर्ज 3,000 कोटींच्या आसपास आलं होतं.

आणि मालविका सीईओ कधी झाल्या? डिसेंबर 2020 मध्ये.

म्हणजे 4,000 कोटींहून जास्त कर्ज त्या खुर्चीत बसण्याआधीच उतरलं होतं. संचालक मंडळावर त्या होत्या, मान्य. पण तेव्हा अंतरिम अध्यक्ष होते कर्नाटकचे माजी मुख्य सचिव एस. व्ही. रंगनाथ, आणि पैसा आला तो शेअर आणि टेक पार्क विकून. कॉफीच्या कपातून एवढी रक्कम दोन वर्षांत निघत नसते. हे बातमी देणाऱ्याला कळत नाही यावर माझा विश्वास नाही. तारखा सगळ्या उघड आहेत. ‘टेक पार्क विकलं’ या मथळ्यावर कुणी क्लिक करत नाही, ‘एकटीनं’ वर करतात.

आता ‘शीक’ म्हणणाऱ्यांसाठी. माझी बहीण इचलकरंजीची. नवऱ्याचे आठ साधे यंत्रमाग होते, खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीनं, कापड विणून द्यायचा. तो कोविडमध्ये गेला. सूत व्यापाऱ्याचं, शेड भाड्याची, स्वतःचं म्हणावं असे फक्त माग. त्यातले सहा तिनं विकले ते भंगाराच्या भावानं, किलोवर. कर्जाच्या कागदांवर तिनं कधीकाळी जामीनदार म्हणून सही केलेली. कुठे करायची तिथं पेन्सिलीनं फुल्या मारून दिल्या होत्या, तेवढं बघून केलेली. तिला कोणतं टेक पार्क विकायला सांगताय?

फरक जिद्दीचा नाहीच. कॉफी डेचं कर्ज कंपन्यांच्या नावावर होतं आणि कंपन्यांकडे विकण्यासारखं घबाड होतं. एकट्या मालकाच्या धंद्यात कर्ज धंद्याचं आणि घरचं असं वेगळं राहत नाही. कायद्यानं मृताचं कर्ज वारसांवर येतं ते त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतंच, पण सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून स्वतःची सही असेल तर ही सवलत उपयोगाची नाही. ग्रुपवरच्या एकानंही तिला हे समजावून सांगितलं नव्हतं. प्रेरणा मात्र सगळ्यांनी पाठवली. वसुलीच्या फोननं हैराण झालेल्या बाईला ‘तुझी जिद्द कमी पडली’ असं सांगणं हा क्रूरपणा आहे, आणि तो शुभेच्छांच्या फुलांसकट येतो म्हणून कमी क्रूर होत नाही.

‘साधी गृहिणी’बद्दल फार लिहीत नाही. मालविका या एस. एम. कृष्णा यांच्या कन्या. कृष्णा कर्नाटकचे मुख्यमंत्री होते, देशाचे परराष्ट्रमंत्री होते आणि 2004 ते 2008 आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल. राजभवन माहेर असणं हा काही गुन्हा नाही, पण मग ‘साधी’ म्हणू नका.

फॉरवर्ड ज्याला हातही लावत नाही ती गोष्ट सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, 24 जानेवारी 2023 च्या आदेशात आहे. सिद्धार्थ यांच्या काळात समूहातल्या सात उपकंपन्यांमधून 3,535 कोटी रुपये म्हैसूर अमाल्गमेटेड कॉफी इस्टेट्स या प्रवर्तक कुटुंबाच्याच कंपनीकडे वळवले गेले, असं सेबीनं म्हटलं आणि कॉफी डेला 26 कोटींचा दंड ठोठावला. पैसे परत मिळवण्यात कंपनीनं फारसं काही केलं नाही, हाही ठपका त्यात आहे. तो मालविकांच्या काळाला लागू होतो. कर्जाचा डोंगर आभाळातून पडला नव्हता, एवढं तरी वाचणाऱ्याला कळायला हवं.

मालविकांनी काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. जुलै 2020 मध्ये, नवऱ्याला जाऊन वर्षही पूर्ण होत नव्हतं तेव्हा, त्यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून कंपनी टिकवण्याचा शब्द दिला. पुढे कोविडच्या काळात धुरा घेतली आणि ती सोडली नाही. कॉफी डे आज चालू आहे, यात त्यांचा वाटा आहे. तो मान्य करायला मला जड जातं ते फक्त या फॉरवर्डमुळे.

‘पुन्हा वैभव’ हा शेवटचा दावा. 2019 मध्ये 1,700 च्या वर असलेले कॅफे मार्च 2022 मध्ये 500 च्या आत आले होते. तोट्यातली दुकानं बंद करणं शहाणपणाचं असेल, पण त्याला वैभव म्हणत नाहीत. उरलेल्या कर्जाचे हप्ते आणि व्याज थकल्याचं कंपनी दर तिमाहीला शेअर बाजाराला कळवत राहिली. ऑगस्ट 2024 मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणानं मूळ कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करायला मंजुरी दिली. अपिलात तिला स्थगिती मिळाली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तो आदेश रद्द झाला. फॉरवर्डमधली कंपनी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून कर्जमुक्त होऊन बसली आहे.