पाण्यावर उभा राहिलेला धोबी

पिवळ्या डोक्याचा धोबी हा पक्षी हिवाळाभर आपल्याकडे अगदी गबाळा राहतो. मळकट करडा, चेहऱ्यावर जेमतेम पिवळेपणा, सतत शेपटी हलवत चिखलात किडे वेचणारा. मार्च आला की मात्र नराला हळद लागते. डोकं, छाती, पोट पिवळंधमक, मानेमागे काळा पट्टा. आणि असा नटूनथटून तयार झाला की स्वारी निघाली उत्तरेला, संसार तिकडे मांडायचा असतो. म्हणजे हिवाळाभर जेवणखाण आमच्याकडे आणि वरात परमुलखात. या मधल्या थोड्या दिवसांत तो कॅमेऱ्यात सापडावा म्हणून पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून कवडीपाटला चिखलात पालथा पडलो होतो.

कवडीपाट म्हणजे हडपसर ओलांडून सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेवरचा जुना बुटका बांध. पुणं नदीत जे जे सोडतं त्यातलं बरंच इथे अडतं. पांढराशुभ्र फेस, जलपर्णी, थर्माकोल, चपला (नेहमी एकेकच, जोडीतली दुसरी कुठे जाते देव जाणे). आणि या सगळ्यात पक्षी. शेकाटे, नदीसुरय, चित्रबलाक, चक्रवाक. संस्कृत कवींच्या मते चक्रवाकाच्या जोडीची रात्री ताटातूट होते आणि दोघं दोन काठांवरून एकमेकांना हाका मारत बसतात. कवडीपाटला रात्रीची गरज नाही, मध्ये फेसाचा ढीग आला तरी भागतं.

फोटोंत मात्र यातलं काही दिसत नाही. रविवारी इथे ट्रायपॉडची रांग लागते. जो तो फेस चुकवून, पिशव्या वगळून, चौकट आवळत आवळत अशी काही नदी काढतो की लडाखच्या लोकांनी इकडे सहलीला यावं.

तर धोबी समोर, दहाबारा फुटांवर. ऊन नुकतं त्याच्या डोक्यावर आलेलं. मी श्वास रोखला, शटरवर बोट टेकवलं, आणि माझ्या डोक्यावरून काहीतरी गेलं. धप्प.

लाल पिशवी. साडीच्या दुकानाची. पडता पडता गाठ सुटली आणि झेंडूचे हार, कडुलिंबाचा डहाळा, आंब्याची पानं, उदबत्तीचा रिकामा पुडा आणि कापराची प्लास्टिकची डबी असा आदल्या दिवशीचा सगळा पाडवा पाण्यावर पसरला. शेकाटे किंचाळत उडाले. धोबी दिसेनासा झाला.

वर बांधावर एक काका चपला काढून, हात जोडून उभे. डोक्यावर हेल्मेट. पुण्यात हेल्मेट घातलेला माणूस दिसला की एरवी मला भरून येतं. मागे स्कूटरवर काकू एका कुशीवर बसलेल्या, तोंडाला पदर.

"काका, पिशवीसकट?" मी खालून विचारलं.

"मग? मोकळं टाकलं तर पायदळी येतं."

"नदीत कुणाच्या पायदळी येणार?"

त्यांनी चिखलात लोळणाऱ्या माझ्याकडे एक सूचक कटाक्ष टाकला.

"शहरात निर्माल्यासाठी कलश असतात की."

"कलशातल्याचं पुढे काय होतं, सांगा बरं?"

"खत करतात."

"देवाला वाहिलेल्याचं खत!" काका काकूंकडे वळून म्हणाले. "ऐकलंस?" काकूंनी पदराआडून मान हलवली. मग माझा वर्ग सुरू झाला. "अहो, ही नदी पुढे भीमेला मिळते. भीमा जाते पंढरपूरला. इथे सोडलेलं थेट विठोबाच्या पायाशी."

यातली चीड आणणारी गोष्ट अशी की भूगोल बरोबर होता. मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते, भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते, यात एका अक्षराची चूक नाही. अडाण्याला समजावता येतं, शाळेत भूगोलात चांगले मार्क पडलेल्या माणसाचं काय करायचं?

"मध्ये उजनी धरण आहे, काका. तिथे अडेल."

"असेना. आषाढीला पाणी सोडतात की."

सोडतातच. मी गप्प बसलो.

"आणि पाणी एवढं खराब असतं," ते आता रंगात आले होते, "तर हे बगळे आले असते का?"

तिथे एकही बगळा नव्हता, पण ते जाऊ द्या. हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता कानशिलं तापतात. शेकाट्यांना मैलापाण्यातल्या अळ्या लागतात, आणि त्या इथे रग्गड. शेकाट्यांची गर्दी वाढली याचा अर्थ नदी सुधारली असा नाही, पंगत मोठी झाली एवढाच. ज्यांना स्वच्छ, वाहतं पाणी हवं असतं ते निघून जातात. जे निघून गेले त्यांचे फोटो निघत नाहीत, म्हणून ते गेले हेही कुणाला कळत नाही. हे सगळं मी चिखलातून, मान वर करून, पोटतिडकीने सांगितलं. काका मधेच म्हणाले, "किती किलोचा आहे हो हा कॅमेरा?"

एवढ्यात धोबी परत आला. झेंडूवर माश्या जमल्या होत्या, त्याला आणखी काय हवं! तो थेट पिशवीवरच उतरला आणि शेपटी हलवत एकेक माशी टिपू लागला. मी धडाधड फोटो काढले. वर काकांनी खिशातून मोबाईल काढला, हेल्मेटची काच वर केली आणि दोन बोटांनी स्क्रीन ताणत ताणत त्यांनीही एक काढला. एकच.

मग ते चक्क खाली उतरून माझ्याशेजारी येऊन उकिडवे बसले. "तुमचा दाखवा." माझा खरोखर छान आला होता. डोळ्यात उन्हाचा ठिपका, चोचीत माशी, माशीचे पंखसुद्धा मोजता येत होते. फक्त पायाखाली लाल पिशवी, आणि तिच्यावर दुकानाचा फोन नंबर, तोही मोजता येईल इतका स्वच्छ.

"चांगलाय," काका म्हणाले, "पण कचरा फार आलाय."

त्यांनी स्वतःचा फोटो उघडला आणि पिशवीवरून बोट फिरवलं. पिशवी गेली. पुन्हा फिरवलं, झेंडू गेला. कापराची डबी तर नुसत्या टिचकीने गेली. खाली मोबाईलने आपल्या मनाने निळंशार पाणी भरलं. "बघा, साफ."

"आणि ती समोरची?" मी नदीकडे बोट केलं.

"ती पाणी नेतंच की."

काकू वरून ओरडल्या, "अहो, चला ना, इडल्यांचं पीठ फुगून बाहेर येईल!" जाता जाता काकांनी माझा नंबर घेतला. फोटो पाठवतो म्हणाले. मीही दिला, कारण नंबर दिल्याशिवाय ते जाण्याची चिन्हं नव्हती.

तो फोटो परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला. मी टाकला नव्हता. सांगलीच्या मावशीने टाकला, खाली सुप्रभात आणि गुलाबाची फुलं. भीमा कृष्णेला मिळते ती पार खाली रायचूरकडे, म्हणजे हा फोटो सांगलीला प्रवाहाच्या उलट पोहत गेला असणार. माझा एकही फोटो मावशीने आजवर पुढे पाठवलेला नाही. 'निसर्गाची किमया', 'किती शुद्ध पाणी', 'हे कुठलं परदेश?' अशी रांग लागली. मी न राहवून लिहिलं की धोबी पाण्यावर उभा राहू शकत नाही, ही करामत मोबाईलची आहे. मामेबहिणीचं उत्तर आलं, "दादा, प्रत्येक गोष्टीत खोट काढायलाच हवी का?" मावशीने लिहिलं, "ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली, हा तर नुसता उभा आहे." त्यावर बावीस हात जोडलेले.

बायकोला मी माझा मूळ फोटो दाखवला. तिने बराच वेळ पाहिला, मोठा करून पाहिला, आणि विचारलं, "या दुकानात सेल आहे का रे?"

काल रात्री काकांचा मेसेज आला. "रविवारी येताय ना? घरातले देवांचे जुने फोटो काढून ठेवलेत. सगळ्या काचेच्या फ्रेमा, स्कूटरवर हिला धरवत नाहीत. तुमच्याकडे चारचाकी आहे, तर आपण एकदमच सोडून येऊ." चारचाकीबद्दल मी एक शब्द बोललो नव्हतो. किल्ली माझ्या मागच्या खिशातून बोटभर बाहेर आली होती, बांधावरून त्यांनी तेवढी टिपलेली दिसते. अशी नजर, आणि सगळे पक्षी बगळे!