‘मधुमेह जनुकांतच असतो’ म्हणून पथ्य सोडण्यापूर्वी

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाने संध्याकाळचे चालणे बंद केले. कारण विचारल्यावर त्याने व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर पुढे केला: आई-वडिलांना मधुमेह असेल तर मुलांना होणारच, पथ्याने काही फरक पडत नाही, गूळ कितीही खाल्ला तरी चालतो, आणि सडपातळ माणसाने काळजी करूच नये. आमच्या आई आणि बाबा दोघांनाही मधुमेह असल्याने त्याला ते पटले.

सर्वांत घातक आहे तो ‘होणारच’ हा शब्द. आई-वडिलांना मधुमेह असेल तर मुलांचा धोका वाढतो, एवढे मान्य करावेच लागेल. पण वाढलेला धोका म्हणजे अटळ आजार नव्हे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साखर वाढलेली, परंतु मधुमेहाच्या पातळीला न पोहोचलेली ५३१ माणसे होती, आणि माझा भाऊ आज त्याच अवस्थेत आहे. त्यांचे गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले होते, म्हणजे आनुवंशिकतेचे ओझे सगळीकडे साधारण सारखेच होते. नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत शंभरांतल्या ५५ जणांना मधुमेह झाला. आहार बदलून रोज चालणाऱ्यांत मात्र ३९ जणांना. या ३९ जणांना पथ्य करूनही मधुमेह झाला, हे मी लपवत नाही. पण ५५ आणि ३९ यांच्यातल्या फरकाचे सोळा जण वाचले ते जनुके बदलल्यामुळे नव्हे. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या पिमा या आदिवासी जमातीत मधुमेहाचे प्रमाण ३८ टक्के, तर मेक्सिकोच्या डोंगरांत कष्टाची शेती करणाऱ्या त्यांच्याच भाऊबंदांत सुमारे ७ टक्के आढळले, यालाही ‘रक्तातच आहे’ हे उत्तर पुरत नाही.

गुळाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. त्यात थोडी खनिजे असतात हे खरे. बाकी बहुतांश साखरच असते आणि ती रक्तातली साखर वाढवतेच.

सडपातळपणाचा दिलासा तर भारतीयांना मुळीच लागू नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचे आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचे मोजमाप प्रसिद्ध केले: उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी ब्रिटिश डॉक्टरांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. माझा भाऊही असाच बारीक दिसतो. भारतीय पुरुषांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा ९० सेंटिमीटर धरतात. काल मी टेप लावून मोजला, तेव्हा त्याचा ९४ भरला.