लेनाचे 125 ग्रॅम

मास्तरांनी आपल्या कादंबरीचं तिसरं प्रकरण कट्ट्यावर वाचून दाखवलं आणि त्यावरून जी जुंपली ती नऊ वाजेपर्यंत. रशियातलं लेनिनग्राड शहर, डिसेंबर 1941, जर्मन फौजांचा वेढा पडलेला. लेना अकरा वर्षांची, धाकटा भाऊ पाच वर्षांचा, आई कचेरीत कामाला, घरात आजी. प्रकरणात लेनाचं रेशनकार्ड हरवतं, ती रडत रेशनच्या कचेरीत जाते आणि तिथल्या बाई दया येऊन नवं कार्ड देतात.

“इथेच सगळं गेलं,” सुऱ्या म्हणाला. सुऱ्याची बेकरी, त्यामुळे पावाची गोष्ट निघाली की तो ऐकत नाही. “मास्तर, कार्ड महिन्याचं होतं. 3 डिसेंबरला हरवलं तर 31 पर्यंत पाव बंद. बदली कार्ड मिळणं त्या हिवाळ्यात जवळपास अशक्य होतं, कारण ‘हरवलं’ म्हणून दोन-दोन कार्डं घ्यायला माणसं येतील ही भीती होती. तुमच्या बाईंनी दया दाखवली आणि कादंबरीतला वेढाच उठला.”

मीनलला हे पटेना. “सगळं ग्रॅममध्येच मोजायचं तर मुलगी दिसणार कधी? मी पुस्तक उघडते ते लेनासाठी, तराजूसाठी नाही.”

“लेना तराजूसमोरच उभी आहे गं. 20 नोव्हेंबर ते 25 डिसेंबर कामगाराला 250 ग्रॅम, बाकी सगळ्यांना 125. कचेरीतली आई, आजी, दोन्ही मुलं, सगळी 125 वाली. चौघांत दिवसाला अर्धा किलो.”

वजनाने ते आपले दहाएक पाव भरतील, पण आकार तेवढा मनात आणू नका, असं त्याने बजावलं. आपला पाव फुगलेला, निम्मा हवाच. तो पाव राईच्या पिठाचा, त्यात सरकीची पेंड, माल्ट, लाकडापासून काढलेला सेल्युलोज. ग्लूटेन कमी, पाणी जास्त, म्हणून फुगत नाही, चिकट आणि जड राहतो. 125 ग्रॅमचा तुकडा तळहाताएवढा आणि बोटभर जाड. “सुरी लावली की पात्याला चिकटतो. कापताना चुरा पडतो तो बोट ओलं करून टिपायचा. हे लिहा, मास्तर.”

डॉक्टरांनी हिशेब पुढे नेला. एवढ्या पावातून फार तर अडीचशे-पावणेतीनशे कॅलरी, त्या वयाच्या मुलीला लागतात अठराशेच्या पुढे. “आणि तुमची लेना नेव्हा नदीवरून दोन बादल्या पाणी आणते! दहा लिटरची बादली म्हणजे दहा किलो. उणे तीस अंशांत, सुजलेल्या पायांनी? मुलं लहान घसरगाडीवर किटली नाहीतर दुधाचा कॅन ठेवून आणत. बर्फाला पाडलेल्या भोकाभोवती सांडलेलं पाणी गोठून उंचवटा तयार व्हायचा. खरी परीक्षा पाणी काढायची नव्हे, भरलेलं भांडं घेऊन त्यावरून उतरायची. सांडलं तर हातमोजा भिजतो आणि बोटं जातात. पण हा प्रसंग जानेवारीच्या अखेरीला घ्या. नळ तेव्हा सगळीकडे गोठले, इतके की बेकऱ्यांनाही पाणी मिळेना आणि पावाचीही पंचाईत झाली.”

मास्तर गप्प लिहून घेत होते. मग म्हणाले, “ठीक. पण बाई काढल्या तर लेना जगते कशावर? मला ती जगवायची आहे.”

हा प्रश्न रास्त होता. भाषणबाजी थांबून सगळे कामाला लागले.

सुऱ्याचं म्हणणं, आजीच्या कार्डावर. माणूस गेला तरी कार्ड महिनाअखेरपर्यंत चालायचं, म्हणून कित्येक घरांनी मृत्यू लगेच कळवले नाहीत. आजी 5 जानेवारीला गेली असं धरा. 25 डिसेंबरपासून वाटा 200 झालेला, 24 जानेवारीपासून 250. 6 ते 23 तारखेचे 3 किलो 600, पुढच्या आठ दिवसांचे 2 किलो. “कागदावर 5 किलो 600 ग्रॅम. आजी बंद खोलीत, थंडीने गोठलेली, आणि लेना रोज तिचं कुपन कापून आणते. कुणी विचारलं तर काय सांगायचं, हे आईने तिला पढवलेलं.”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मीनल म्हणाली, “हे चालेल. हे तराजूतलं नाही.”

दुसरा आधार म्हणजे सुताराचा सरस, हाडं-कातड्याचा. वडी दिवसभर भिजत घालायची, मग मंद आचेवर उकळायची, वर येणारा फेस काढायचा. वास असह्य, म्हणून तमालपत्र किंवा मिरी. बशीत ओतून खिडकीपाशी ठेवली की जेली बनते. आच मिळायची बुर्झुइकावर, म्हणजे पत्र्याच्या शेगडीवर. तिचा धुराचा पाइप खिडकीच्या झडपेतून बाहेर काढलेला असे. त्यात खुर्च्या जायच्या, मग लाकडी फरशी, मग पुस्तकं. डॉक्टरांनी बजावलं की पाइपचा सांधा सैल असला तर धूर घरात कोंडतो, आणि उपाशी माणसं झोपेतच जातात.

वसंतात कोवळी खाजखुजली आणि चाकवताच्या जातीची रानभाजी. त्याआधी जीवनसत्त्व क साठी पाइनच्या सुया कुटून केलेला कडू काढा. “ही पानं फार लांबवू नका, मास्तर,” मीनल म्हणाली, “नाहीतर पाकक्रिया होईल.”

तिचा खरा आक्षेप वेगळाच होता. मास्तरांची लेना वेढा कधी फुटणार, आघाडी कुठे आहे, सगळं जाणते. “तिला काय कळतं? रेडिओवर मेट्रोनोमचे ठोके. संथ असले तर शांत, जलद झाले तर हल्ला. बस. वेढ्यातली ती खरी मुलगी, तान्या सावीचेवा, आठवा. तिने वहीत घरातल्यांच्या मृत्यूच्या तारखा लिहिल्या आणि शेवटी ‘एकटी तान्या उरली’ असं लिहिलं. पण बहीण नीना आणि भाऊ मिशा जिवंत होते. नीनाला कारखान्यासोबत लादोगा तलावापलीकडे हलवलं होतं, घरी निरोपच पोचला नव्हता. वेढ्यातल्या मुलाला एवढंच दिसतं. तुमच्या लेनालाही तेवढंच दिसू दे.”

मास्तरांनी इथे दोन पानं सरळ उभी फुली मारून काढली. ‘गोळीबाराच्या वेळी रस्त्याची ही बाजू अधिक धोक्याची’ ही भिंतीवरची पाटीही गेली, कारण त्या पाट्या 1943 मध्ये रंगवल्या, आणि प्रकरण 1941 चं.

मग दोवेसोकवर अडलं. वजन नेमकं भरायला विक्रेती मोठ्या तुकड्यावर जो लहानसा तुकडा ठेवते तो. सुऱ्याचं मत, लेना तो वाटेतच खाते, बहुतेक मुलं खायची, त्यात पाप काय? मीनल म्हणाली, ही आणते. डिसेंबरभर रोज तोंडाशी आलेला तो तुकडा भावासाठी घरी आणते, आणि एक दिवस खाते. तोच दिवस लिहायचा. सुऱ्या मानला.

शेवट लादोगा तलावावर. गोठलेल्या बर्फावरून 1942 च्या जानेवारी अखेरीपासून मोठ्या संख्येने माणसं बाहेर काढली. दीड टनी ट्रक, बर्फ फुटला तर उडी मारता यावी म्हणून चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडा. मास्तरांनी पलीकडच्या किनाऱ्यावर, कोबोना गावात, मुलांना पोटभर जेवू घालून प्रकरण संपवलं होतं.

डॉक्टर उठून उभे राहिले. “नाही! तिथेच माणसं मेली. महिनोन्‌महिने उपाशी शरीराला एकदम अन्न दिलं की रक्तातले क्षार कोसळतात, हृदय थांबतं. पातळ सूप, दोन-दोन चमचे, दिवसातून सहा-सात वेळा. भावाच्या हातात अख्खा पाव येतो तेव्हा आईने तो काढून घेतलाच पाहिजे.”

“आई नको,” मीनल म्हणाली. “लेना हिसकावते. डिसेंबरभर त्याला पाव आणणारी लेना.”

मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं.