स्नोबोलचा बर्फ आणि ‘पिण्याइतकं शुद्ध’ पाणी

फिनिक्सला राहणाऱ्या माझ्या भाच्याने परवा घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. हिवाळ्यात स्कीइंगच्या सहली ठरायला लागल्या की तिथल्या मराठी ग्रुपांवर तो फिरतो म्हणे. विषय आहे अ‍ॅरिझोना स्नोबोल, म्हणजे फ्लॅगस्टाफ गावाजवळ सॅन फ्रान्सिस्को पीक्स या डोंगरावर, कोकोनिनो राष्ट्रीय वनाच्या जमिनीवर चालणारं खासगी स्की-रिसॉर्ट. त्याच्या विस्ताराला विरोध करणारे मूठभर लोक अडाणी आणि हट्टी आहेत, असा मेसेजचा सूर. पुढे मुद्दे: रिसॉर्ट डोंगराचा फक्त एक टक्का भाग वापरतं. कृत्रिम बर्फासाठीचं पाणी पिण्याइतकं शुद्ध आहे. कुणाच्या धर्माला धक्का लागत नाही, हे कोर्टानेच सांगितलंय. जमीन सरकारची आहे, तिथल्या आदिवासी जमातींची नाही. बर्फ नसेल तर रोजगार बुडेल. आणि वितळलेलं पाणी शेवटी जमिनीतच मुरतं, मग बिघडलं कुठे?

त्याखाली नाशिकहून ताईचा अंगठा, आणि ‘अगदी बरोबर. हल्ली प्रत्येक गोष्टीला विरोध करतात लोक.’ ताई श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी चुकवत नाही. तिने हे लिहावं, याने मला राहवेना.

मेसेज लिहिणाऱ्याने कोर्टाचं नाव घेतलंय, पण निकाल वाचलेला दिसत नाही. ‘नावाहो नेशन विरुद्ध युनायटेड स्टेट्स फॉरेस्ट सर्व्हिस’ हा तो खटला. नावाहो, होपी, हवासुपाई, हुआलापाई, यावापाई-अपाची आणि व्हाइट माउंटन अपाची या जमाती त्यात होत्या, पर्यावरणवाले होते. मार्च 2007 मध्ये अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी जमातींच्या बाजूने निकाल दिला. ऑगस्ट 2008 मध्ये त्याच कोर्टाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने तो आठ विरुद्ध तीन असा फिरवला. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. हे दोन्ही निकाल कुणालाही वाचता येतात. मी पुढे जे लिहितोय, त्यातलं बहुतेक तिथलंच आहे.

आधी तो एक टक्का. आकडा खरा आहे. डोंगराचा पसारा सुमारे 74,000 एकर आणि स्नोबोलचा परवाना 777 एकरांचा. भागाकार बरोबर येतो, तेवढं मान्य. पण हा भागाकार ज्यांना ऐकवायचा, त्यांच्यासाठी तो डोंगर एकरांत मोजायची वस्तू नाही. नावाहोंच्या चार दिशांच्या चार पवित्र पर्वतांपैकी पश्चिमेचा हा पर्वत. तो त्यांना सजीव आहे, आई आहे. त्यांच्या एका साक्षीदाराने कोर्टात सांगितलं होतं की अंगावर एखादा वण घेऊन माणूस जगू शकतो, पण अंगात घाण टोचली तर गोष्ट वेगळी. त्या डोंगरावर स्कीइंग 1938 पासून चालू आहे. लिफ्टा आल्या, उतारांवरची झाडं तोडून वाटा झाल्या. 1979 मध्ये विस्तार मंजूर झाला, जमाती कोर्टात गेल्या आणि 1983 मध्ये हरल्या. तो वण त्यांनी सोसला. 2002 मध्ये पुढे आलेला प्रस्ताव प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा बर्फ फवारायचा, म्हणजे टोचण्याचा होता. साक्षीदाराने सांगितलेला हा फरक कोर्टाच्या कागदांत नोंदलेला आहे, आणि ‘एक टक्का’ म्हणणाऱ्याला तो दिसतच नाही.

आता ते पाणी. मला सगळ्यात जास्त संताप याच मुद्द्याचा आला, कारण भाच्याची दोन्ही पोरं लहान आहेत.

हे पाणी फ्लॅगस्टाफचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी आहे. घराघरांतल्या संडास-मोऱ्यांचं, इस्पितळांचं, मृतदेहांवर संस्कार करणाऱ्या जागांचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात येतं. तिथे गाळ खाली बसवतात, जीवाणूंकरवी घाण कुजवतात, मग पाणी गाळून अतिनील किरणांनी आणि क्लोरीनने निर्जंतुक करतात. वनखात्याने 2005 मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे हिवाळ्यात दिवसाला 15 लाख गॅलन, म्हणजे जवळपास 57 लाख लिटर पाणी सुमारे 24 किलोमीटरच्या पाइपातून डोंगरावर चढवायचं आणि 205 एकरांवर त्याचा बर्फ फवारायचा. डिसेंबर 2012 मध्ये ते सुरू झालं. पहिला बर्फ पिवळसर निघाला, तेव्हा नव्या पाइपांतला गाळ असं कारण दिलं गेलं.

या पाण्याला अ‍ॅरिझोनात ‘ए प्लस’ असा दर्जा आहे. मेसेज लिहिणाऱ्याने तो दर्जा पाहिला आणि थेट ‘पिण्याइतकं शुद्ध’ लिहून मोकळा झाला. ए प्लस ही पुनर्वापराच्या सांडपाण्यातली सर्वात वरची प्रत आहे. मैदानांना, बागांना, गोल्फच्या गवताला ते घालायचं. पिण्याच्या पाण्याचे निकष वेगळे, नियम वेगळे. जिथे हे पाणी वापरतात तिथे ‘पिऊ नका’ अशा पाट्या लावतात. ज्या पाण्याच्या नळावर पिऊ नका लिहिलंय, त्याच पाण्याचा बर्फ मात्र पिण्याइतका शुद्ध, हे कुठल्या शास्त्रात बसतं? प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंची जनुकंही फ्लॅगस्टाफच्या या पुनर्वापराच्या पाण्यात नंतरच्या तपासणीत सापडली. त्याने लगेच कुणी आजारी पडेल असं मी म्हणत नाही. पण हे माहीत असताना ‘शुद्ध’ लिहायला जीभ कशी रेटते?

शिवाय बर्फ म्हटलं की पोरं तो तोंडात घालणारच. 2007 च्या निकालात न्यायाधीशांनी नेमकं यावरच बोट ठेवलं होतं: लोकांच्या, विशेषतः मुलांच्या पोटात हा बर्फ जाण्याच्या धोक्याची चर्चा वनखात्याने आपल्या पर्यावरण अहवालात धड केलेली नाही. 2008 मध्ये मोठ्या पीठाने हा मुद्दा बाजूला ठेवला तो रीतसर मांडलेला नव्हता म्हणून. बर्फ खायला हरकत नाही, असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. पुढे त्याच मुद्द्यावर वेगळा खटला झाला. त्यात फेब्रुवारी 2012 मध्ये वनखात्याने धोक्याचा पुरेसा विचार केला होता, असा निर्णय आला. मला तो पटत नाही, पण तो आहे. मात्र ‘खात्याने विचार केला होता’ आणि ‘पाणी पिण्यालायक आहे’ या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि दुसरी गोष्ट कुठल्याच कोर्टाने म्हटलेली नाही.

उद्या कुणी प्रयोगशाळेचा कागद दाखवून ते पाणी खरोखर निर्मळ असल्याचं सिद्ध केलं, तरी जमातींचा आक्षेप मिटत नाही. होपींच्या श्रद्धेत वर्षातला मोठा काळ याच शिखरांवर कात्सिनांचा, म्हणजे त्यांच्या दैवी आत्म्यांचा वास असतो. पाऊस आणतात ते हेच. कोरड्या वाळवंटात मका पिकवणाऱ्या लोकांचं सगळं जगणं त्या पावसावर. नावाहो वैदू या डोंगरावरून औषधी वनस्पती, माती आणि पाणी नेतात, त्यांच्या विधींना ते लागतं. आणि मृत्यूचा संसर्ग हा त्यांच्याकडे फार मोठा विटाळ. मृतांच्या अंगावरून वाहिलेलं पाणी त्या डोंगरावर फवारायचं, तेही पाऊस देणाऱ्यांच्या घरी, बर्फाच्या रूपात. निकाल लिहिताना न्यायमूर्ती विल्यम फ्लेचर यांनी 2007 मध्ये आपल्या वाचकांना समजावं म्हणून लिहिलं की सरकारने ख्रिस्ती लोकांना बाप्तिस्मा याच पुनर्वापराच्या पाण्याने घ्या म्हणून सक्ती केली तर त्यांना काय वाटेल, याची कल्पना करून पाहा. ताईला मी एवढंच विचारलं: त्र्यंबकला कुशावर्तात उद्या पाइप टाकून गावाचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडलं, वर प्रयोगशाळेचा दाखला चिकटवला, तर तू त्यात उतरशील? तिने उत्तर दिलेलं नाही अजून.

‘कोर्टानेच सांगितलं धर्माला धक्का नाही’ हा मेसेजचा हुकमी एक्का. तो साफ खोटा आहे. 2008 च्या बहुमताच्या निकालात न्यायमूर्ती कार्लोस बी यांनी जमातींची श्रद्धा प्रामाणिक आहे हे मानलं. सांडपाण्याच्या बर्फाने त्यांच्या दृष्टीने पवित्र डोंगर विटाळेल आणि त्यांचं आध्यात्मिक समाधान कमी होईल, हेही त्यांनी लिहिलं. समाधानातली ही घट गंभीर असू शकते, असा शब्द त्या निकालातच आहे. नंतर ते म्हणतात की 1993 च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात ज्याला मोठा भार म्हणतात तो हा नव्हे. तो भार केव्हा? सरकार तुम्हाला शिक्षेची भीती घालून श्रद्धेविरुद्ध वागायला लावेल तेव्हा, किंवा श्रद्धा सोडली तरच सरकारी लाभ देऊ म्हणेल तेव्हा. डोंगरावर जायला तुम्हाला कुणी अडवत नाही, कुठलंही पूजास्थान, झरा किंवा वनस्पती प्रत्यक्ष बाधित होत नाही, म्हणून कायदा तुमच्या मदतीला येत नाही.

म्हणजे इजा झाली हे कोर्टाने नाकारलं नाही. ती इजा कायद्याच्या मापात बसत नाही, असं ठरवलं. मेसेजने त्यातलं मधलं सगळं गाळून ‘इजाच नाही’ असं करून टाकलं. न्यायमूर्ती फ्लेचर यांनी विरोधी मतात बहुमताची हीच व्याख्या खोडून काढली आहे, ती जरूर वाचावी. बहुमताची एक भीती मला समजते: सरकारी जमिनीवर प्रत्येकाच्या श्रद्धेला नकाराधिकार दिला तर कारभार चालायचा कसा? प्रश्न खरा आहे. पण तो इथे लागू करायला हवा होता का? एक रिसॉर्ट, कोरड्या वर्षांतला धंदा आणि तेरा जमातींचा पवित्र पर्वत, असा तोल होता. 2007 च्या निकालात स्पष्ट म्हटलंय की आधीच चालू असलेल्या स्की-रिसॉर्टला कोरड्या वर्षांत हंगाम लांबवता यावा, हे सर्वोच्च दर्जाचं सरकारी हित आम्ही मानणार नाही. होपींनी पुढे राज्याच्या कोर्टात सार्वजनिक उपद्रवाचा दावा केला. 2018 मध्ये अ‍ॅरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयात तोही फेटाळला गेला. हरले, हे खरं. हरले म्हणजे त्यांना काही झालंच नाही, हा शोध मेसेजवाल्याचा.

‘जमीन सरकारची, जमातींची नाही.’ ती सरकारची झाली कशी, हे एकदा वाचून बघा. 1864 मध्ये नावाहोंना बंदुकांच्या पहाऱ्यात शेकडो मैल चालवत हद्दपार केलं, 1868 च्या तहानंतर परत येऊ दिलं ते आखून दिलेल्या तुकड्यावर, आणि हा पर्वत त्या तुकड्याबाहेर राहिला. 1898 मध्ये डोंगर राखीव वन झाला. सार्वजनिक वन म्हणजे जर सगळ्यांचं, तर त्या ‘सगळ्यांत’ हे लोक सर्वांत आधीचे आहेत. रिसॉर्ट तिथे परवान्यावर बसलेलं भाडेकरू आहे. आणि सरकारला मनात आणलं तर मागे हटता येतं, याचा दाखला याच डोंगरावर आहे. पूर्वेच्या उतारावर व्हाइट व्हल्कन नावाची खाण होती. तिथला सच्छिद्र दगड जीनच्या पँटी धुऊन फिक्या करायला जायचा. 2000 मध्ये सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याचे मंत्री ब्रूस बॅबिट यांच्या पुढाकाराने दहा लाख डॉलर देऊन ती बंद केली.

रोजगाराच्या मुद्द्यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. 2001–02 च्या हंगामात तिथे फक्त 87 इंच बर्फ पडला, रिसॉर्ट चार दिवस चाललं आणि 2,857 जण आले. असा धंदा बँकेला दाखवता येत नाही, आणि हंगामी कामगाराच्या घरी त्याची झळ पोचते. पण वाळवंटी राज्यात निसर्गाच्या बर्फावर धंदा मांडायचा निर्णय मालकांचा. त्याची जोखीम सार्वजनिक डोंगराने आणि होपींच्या कात्सिनांनी का उचलायची?

पाणी मुरण्याचं सांगतात, त्यातला काही भाग उन्हावाऱ्यात थेट उडून जातो. उरलेलं मुरतं, पण ते मुरणं हाच तर आक्षेप आहे. झाडापाल्याचा उल्लेख मेसेजने केलेलाच नाही, तर एवढं सांगतो की या शिखरांवर ग्राउंडसेल या फुलझाडाची एक जात आहे, जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाही, आणि 1983 पासून ती संकटग्रस्तांच्या सरकारी यादीत आहे.

भाच्याला मी वेगळा फोन केला. जानेवारीत त्याच्या मित्रांची सहल ठरलीये. जावं की न जावं हे त्याने ठरवावं, मी जाणार नाही. पण ज्या ज्या ग्रुपवर त्याने हा मेसेज पाठवलाय, तिथे तिथे त्यानेच लिहायचं की पाण्याचा मुद्दा खोटा आहे, तो बर्फ पोरांना खाऊ देऊ नका. घरच्या ग्रुपवरचा मेसेज त्याने काल काढला. मंडळाच्या ग्रुपवर अजून तसाच आहे.