सीलिंग सरसकट ९९ ठेवू नका

माझी भाची नुकतीच एम्बेडेड (यंत्रात बसवलेल्या छोट्या संगणकांच्या) प्रोग्रामिंगच्या नोकरीला लागली. परवा रात्री तिने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, हे बरोबर आहे ना? मी आज कोडमध्ये करूनही टाकलं." मजकूर असा: प्रत्येक म्युटेक्सला प्रायोरिटी सीलिंग ९९ द्या, प्रायोरिटी इन्व्हर्जन संपलं. डेडलॉकही होणार नाही. सीलिंग चालत्या प्रोग्राममध्ये केव्हाही बदलता येतं. मंगळावरचं पाथफाइंडर यान याच युक्तीने वाचलं. (म्युटेक्स म्हणजे सामायिक डेटाचं कुलूप, म्हणजेच लॉक; एका वेळी एकच थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधलं एक समांतर चालणारं काम, ते घेऊ शकतो. प्रायोरिटी म्हणजे थ्रेडचा अग्रक्रम; इथे आकडा मोठा तितका तो वरचा, ९९ सर्वात वरचा. सीलिंग म्हणजे लॉक धरणाऱ्याला मिळणारी प्रायोरिटी. इन्व्हर्जन म्हणजे खालच्या थ्रेडमुळे वरच्याला ताटकळावं लागणं, आणि डेडलॉक म्हणजे थ्रेड एकमेकांच्या लॉकची वाट बघत कायमचे अडकणं.) हाच मजकूर आधी दोघा सहकाऱ्यांनी पाठवला होता, तेव्हा सोडून दिला. आता घरातल्या मुलीच्या कोडमध्ये शिरलाय, तर बोलणं भाग आहे.

आधी ते ९९. पॉझिक्सच्या (युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाच्या) 'प्रोटेक्ट' प्रकारात थ्रेडने म्युटेक्स घेतला की तो लगेच सीलिंगच्या प्रायोरिटीवर चढतो, त्या लॉकसाठी कुणी थांबलेलं असो वा नसो. भाचीच्या कोडमध्ये लॉग लिहिणारा थ्रेड प्रायोरिटी १० वर आहे आणि लॉक धरूनच बफर कॉम्प्रेस करतो. समजा त्याला ८ मिलिसेकंद लागले. तेवढा वेळ त्या कोअरवर (प्रोसेसरच्या एका गणनाभागावर) तोच राजा. दर १ मिलिसेकंदाला मोटर सांभाळणारा ८० चा थ्रेड त्याच कोअरवर असेल, तर त्याच्या आठ फेऱ्या हुकल्या, आणि त्याचा या लॉकशी काडीचाही संबंध नाही! इन्व्हर्जन संपलं कुठे? एका लॉकपुरतं होतं ते सगळ्यांच्या गळ्यात मारलं. रिअल-टाइम लिनक्सवर इंटरप्ट (हार्डवेअरकडून येणारे इशारे) हाताळणारे थ्रेड मुळात ५० वर चालतात, तेही यात खाली दबतात.

पॉझिक्स सांगतं की तो म्युटेक्स घेऊ शकणाऱ्या थ्रेडांपैकी सर्वात वरच्या प्रायोरिटीइतकं किंवा त्याहून जास्त सीलिंग असावं. "किंवा त्याहून जास्त" एवढंच पकडून ९९ आलं असणार. त्यामागची भीती खोटी नाही. सीलिंग कमी पडलं तर वरच्या थ्रेडला लॉक मिळत नाही, ईइन्व्हॅल हा चुकीचा कोड परत येतो. लॉकची रिटर्न व्हॅल्यू (लॉक मागितल्यावर परत येणारं उत्तर) न तपासणारा कोड मग लॉकशिवायच आत घुसतो आणि डेटा बिघडतो. पण त्यावर इलाज म्हणजे रिटर्न व्हॅल्यू तपासणं आणि कोणता थ्रेड कोणता म्युटेक्स घेतो याची यादी करणं.

"केव्हाही बदला" हेही धोक्याचं. सीलिंग बदलणारं फंक्शन, सेटप्रायोसीलिंग, आधी तो म्युटेक्स स्वतः लॉक करतं, मग सीलिंग बदलतं, मग सोडतं. लॉक दुसऱ्याकडे असेल तर तुम्ही तिथेच अडकून पडता. शिवाय हे लॉक घेताना सीलिंगचा नियम पाळलाच जाईल, असं बंधन पॉझिक्स घालत नाही. सीलिंग सुरुवातीलाच ठरवा.

डेडलॉकचं म्हणणं अर्धं खरं आहे, एवढं कबूल करते. एकच कोअर, फिफो शेड्युलिंग (समान प्रायोरिटीत आधी आलेला आधी चालतो), सीलिंग बरोबर आणि लॉक धरून कुणी झोपत नसेल, तर डेडलॉक होत नाही. भाचीच्या बोर्डावर चार कोअर आहेत. दोन कोअरवरच्या दोन थ्रेडांनी एकेक लॉक धरून दुसऱ्याचा मागितला, तर ९९ काहीही करू शकत नाही. लॉक घेण्याचा क्रम ठरवावाच लागतो.

राहिलं पाथफाइंडर. ते ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलं आणि पुढे पुन्हापुन्हा रीसेट होऊ लागलं. हवामानाचं खालच्या प्रायोरिटीचं काम लॉक धरून बसायचं, मधल्या प्रायोरिटीची कामं त्याला चालू द्यायची नाहीत, आणि डेटा बसचं (यानातल्या भागांमध्ये माहिती नेणाऱ्या मार्गाचं) वरच्या प्रायोरिटीचं काम ताटकळायचं. पृथ्वीवरून त्या म्युटेक्सचं प्रायोरिटी इनहेरिटन्स चालू केलं गेलं. इनहेरिटन्समध्ये वरचा कुणी थांबला तरच लॉकधारकाची प्रायोरिटी वाढते. सीलिंगचा तिथे संबंधच नव्हता.

काल भाचीने यादी केली. लॉगचा म्युटेक्स घेणारा सर्वात वरचा थ्रेड निघाला २० चा. सीलिंग २० केलं आणि कॉम्प्रेस करायचं काम तिने लॉकच्या बाहेर काढलं.