वाद नको म्हणजे नक्की काय नको?

आज सकाळी भावकीच्या ग्रुपवर पुन्हा तोच फॉरवर्ड. सूर्यफुलं, उगवता सूर्य आणि खाली 'नाती टिकवायची तर थोडं झुकायला शिका'. पाठोपाठ जोडलेले हात, गुलाबं, 'अगदी खरं दादा'. पाठवणारे कोण, तर आमचे काका. सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकलेला माणूस. आणि आत्या त्याच ग्रुपवर आहे!

काय घडलं होतं ते सांगते, म्हणजे मला एवढा राग का आला ते कळेल. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून बाबा, काका आणि आत्या अशी तिघांची नावं लागली. मग वर्षश्राद्धाच्या दिवशीच काका हक्कसोडपत्र टाइप करून घेऊन आले. पंगत नुकतीच उठली होती. आत्या पत्रावळ्या गोळा करत होती, हात खरकटे. काकांनी तिच्यासमोर कागद धरले. सही कुठे कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. "ताई, एवढ्या सह्या करून टाक, सोमवारी रजिस्ट्रेशनला जायचंय." आत्या म्हणाली, "ठेव तिथे. चष्मा घरी राहिलाय, वाचते आणि करते."

बस. नाही म्हणाली नाही, हिस्सा मागितला नाही, वकिलाचं नाव काढलं नाही. चष्मा म्हणाली फक्त! काकांनी कागद पिशवीत घातले, "विश्वास नसेल तर राहू दे" म्हणाले आणि ओटीवर जाऊन बसले. तेव्हापासून अबोला.

आणि बाबा? शेजारीच होते. म्हणाले, "जाऊ दे ना ताई, करून टाक सही. कशाला वाद?" अहो, कसला वाद? तोवर वाद झालाच नव्हता. आपल्या घरांत 'वाद नको' याचा अर्थ इतकाच असतो की बाईने प्रश्न विचारू नये. विचारला की ती भांडखोर, आणि जो फुरंगटून बसला तो बिचारा दुखावलेला.

२००५ साली कायदा बदलला, मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने उरलेसुरले फाटेही मिटवले. पण पेन्सिलीच्या फुल्या काही जात नाहीत. असो, मला जमिनीवर बोलायचंच नाहीये. काही बहिणी राजीखुशीने हक्क सोडतात, सोडू देत, त्यांची मर्जी. पण नोंदवलेलं हक्कसोडपत्र नंतर 'चुकून झालं' म्हणून फाडता येत नाही. असा कागद वाचून सही करणं यात अविश्वास कुठून आला?

आजोबांचं शेवटचं दुखणं काकांनी निभावलं, हे मान्य करावंच लागेल. रात्र रात्र उशाशी बसले, अंथरूण बदललं. मग तेच तोंडाने म्हणा ना! 'ताई, मी इतकं केलंय, जमीन माझ्याकडे राहावी असं मला वाटतं.' आत्याला ओळखते मी, चष्म्याविना सही केली असती तिने. पण हे एक वाक्य त्यांच्या घशातून निघत नाही.

कसं निघणार म्हणा. त्यांनी तरी ते कुठे ऐकलंय? आजोबा रागावले की आजीशी थेट बोलतच नसत, समोर बसून "हिला सांग, आमटी अळणी आहे" असा निरोप आम्हा पोरांकडून जायचा. आम्ही हसायचो. काका त्याच पाटावर जेवून मोठे झाले. लिहिता लिहिता थोडी कीव येतेय त्यांची.

पण थोडीच. कारण अबोला धरणाऱ्याला काही करावं लागत नाही, सगळी ओढाताण समोरच्याची. आत्या अजून आईला फोन करून विचारते, "त्याची शुगर कशी आहे गं?" आणि भाऊबीजेला काकूंचा निरोप काय आला, तोही आईमार्फत? "ताईंना म्हणावं, यायचं असेल तर या." हे काय आमंत्रण झालं? ती गेली नाही, तर 'बघा, तिलाच नातं नकोय'.

तापलेल्या वेळी गप्प बसलेलं बरं, हे मलाही कळतं. तासभर बसा, रात्रभर बसा. वर्षानुवर्षं कोण बसतं? आणि कृपा करून 'दोन्हीकडून थोडं थोडं चुकतंच' हे मला खाली येऊन लिहू नका. चष्मा घरी राहणं ही चूक नाही.

भावकीतले जे वाचताय, ते याचा स्क्रीनशॉट काकांना पाठवणारच आहात. खुशाल पाठवा. सोबत आत्याचा नंबरही पाठवा, त्यांच्याकडून डिलीट झाला असेल तर. संध्याकाळी सातनंतर ती घरीच असते.