लेकर्स बुडाले, पण एकट्या वेस्टब्रुकमुळे नाही

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, विषय निघाला की रसेल वेस्टब्रुक या खेळाडूवरचं आरोपपत्र हमखास बाहेर येतं. शब्द इकडेतिकडे होतात, पण कलमं तीच. हा इतिहासातला सगळ्यात ओव्हररेटेड खेळाडू. ट्रिपल-डबल म्हणजे निव्वळ आकडे फुगवणं. विजेतेपदाची अंगठी एकही नाही. लांबून मारलेला चेंडू रिंगवर आपटून परत येतो. 2021-22 मध्ये त्याने एकट्याने लॉस एंजेलिसचा लेकर्स संघ बुडवला, आणि तो गेल्यावर तीन महिन्यांत तेच लेकर्स वेस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम (म्हणजे लीगच्या उपांत्य) फेरीत. वर या पराक्रमाचे 47 दशलक्ष डॉलर.

यातलं एक कलम मला मान्य आहे. बाकीची तपासून बघू.

अंगठीचं आधी उरकतो, कारण त्यात फार दम नाही. चार्ल्स बार्कले, कार्ल मलोन, जॉन स्टॉकटन, पॅट्रिक यूइंग, ॲलन आयव्हरसन, स्टीव्ह नॅश यांच्यापैकी कुणाकडेही अंगठी नाही आणि त्यांना कुणी ओव्हररेटेड म्हणत नाही. 2012 च्या फायनलमध्ये मायामीविरुद्ध चौथ्या सामन्यात वेस्टब्रुकने 43 गुण केले आणि तरी त्याचा तेव्हाचा संघ ओक्लाहोमा हरला. पुढे बोलू.

आता ट्रिपल-डबल. गुण, रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं) आणि असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारा पास) या तिन्हींत एकाच सामन्यात दोन आकडी मजल मारायची. 2016-17 मध्ये वेस्टब्रुकने अख्ख्या मोसमाची सरासरीच तशी ठेवली: 31.6 गुण, 10.7 रिबाउंड, 10.4 असिस्ट. असे 42 सामने, म्हणजे ऑस्कर रॉबर्टसनच्या 1961-62 मधल्या 41 पेक्षा एक जास्त. आक्षेप असा की स्टीव्हन ॲडम्ससारखे धिप्पाड सहकारी प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवून धरायचे आणि सोपे रिबाउंड ह्याच्यासाठी सोडून द्यायचे. खरं आहे, सोडायचे. व्हिडिओ लावून बघा, ॲडम्स चेंडूकडे ढुंकूनही बघत नाही. पण असं का करायचे, हा पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. एरवी उंच खेळाडू रिबाउंड घेतो, वळतो, चेंडू पुढे नेणाऱ्या गार्डला शोधतो, पास देतो. तेवढ्या वेळात समोरचा संघ परत फिरून आपल्या बास्केटपुढे उभा राहतो. चेंडू थेट वेस्टब्रुकच्या हातात आला की हा मधला टप्पाच गळतो. पहिल्या पावलापासून तो सुसाट, आणि समोरचे अजून पाठमोरे. त्या वर्षीच्या ओक्लाहोमाकडे शांत बसून गुण काढणारं दुसरं फारसं कुणी नव्हतं, कारण केव्हिन ड्युरांट 2016 च्या उन्हाळ्यात गोल्डन स्टेटला निघून गेला होता. सोपे गुण मिळवायचा त्यांचा मुख्य रस्ता हाच.

आणि त्याचा उपयोग झाला का? ट्रिपल-डबलच्या 42 सामन्यांत ओक्लाहोमा 33 जिंकलं, 9 हरलं. उरलेल्या 40 सामन्यांत 14 विजय आणि 26 पराभव. आता इथे मीच एक मेख मारून ठेवतो: सहकाऱ्यांचे नेम बसतात त्या दिवशी असिस्ट आपोआप वाढतात आणि संघही जिंकतो, म्हणजे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे सरळ सांगता येत नाही. तरी 'आकड्यांपायी संघाचं वाटोळं केलं' म्हणणाऱ्याला 33-9 चं उत्तर द्यावंच लागेल.

त्या मोसमातला 9 एप्रिल 2017 चा डेन्व्हरमधला सामना ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. बेचाळिसावं ट्रिपल-डबल तिथेच झालं आणि परक्या मैदानातलं पब्लिक टाळ्या वाजवत होतं. ओक्लाहोमा दोन गुणांनी मागे असताना शेवटच्या क्षणी वेस्टब्रुकने जवळजवळ 36 फुटांवरून चेंडू मारला, तो आत गेला, 106-105. डेन्व्हरचं प्लेऑफचं, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीचं, स्वप्न तिथेच संपलं. 50 गुण, 16 रिबाउंड, 10 असिस्ट. प्लेऑफमध्ये पुढे ह्यूस्टनने त्यांना 4-1 असं हरवलं, पण पाचव्या सामन्याचा हिशेब बघा: वेस्टब्रुक कोर्टवर होता तेव्हा ओक्लाहोमा 12 गुणांनी वर, आणि तो बसला त्या जेमतेम सहा मिनिटांत 18 गुणांनी खाली. सामना सहा गुणांनी गेला. असल्या संघात हा माणूस दमला तरी बसणार कसा?

वेस्टब्रुकला मिळालेला त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा किताब, ह्यूस्टनच्या जेम्स हार्डनला मिळायला हवा होता असं म्हणणारे आहेत, आणि ते अगदीच चूक नाहीत; ह्यूस्टनने 55 सामने जिंकले होते, ओक्लाहोमाने 47. पण 'हार्डन थोडा सरस होता' आणि 'वेस्टब्रुक भंपक होता' या दोन विधानांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नेमबाजीचं कलम मात्र मान्य. थ्री पॉइंटरमध्ये, म्हणजे लांबून मारायच्या तीन गुणांच्या शॉटमध्ये, कारकिर्दीची सरासरी शंभरातले तीसेक, आणि तरी मारायची हौस दांडगी. लेकर्सच्या त्या मोसमात तर तीसही नाही. शिवाय चेंडू गमावणं आणि ऐन मोक्याला डोकं फिरणं. ऑक्टोबर 2021 मध्ये ओक्लाहोमाविरुद्ध लेकर्स 26 गुणांनी पुढे होते आणि हरले. वेस्टब्रुकचं ट्रिपल-डबल झालं खरं, पण त्याने दहा वेळा चेंडू गमावला, आणि शेवटच्या सेकंदांत समोरच्या पोराने डंक मारला (चेंडू वरून रिंगमध्ये दाबला) म्हणून हुज्जत घालून बाहेरही गेला. 1 एप्रिल 2025 चा डेन्व्हर-मिनेसोटा सामना तर त्याचे चाहतेही विसरणार नाहीत. तेव्हा तो डेन्व्हरकडे होता. दुसरा ओव्हरटाइम (जादा वेळ), सहकारी निकोला योकिचचे 61 गुण, डेन्व्हर एका गुणाने पुढे. वेस्टब्रुकने रिंगजवळचा मोकळा लेअप चुकवला आणि उलट धावत जाऊन थ्री मारणाऱ्या खेळाडूला फाउल केलं. घड्याळात 0.1 सेकंद. फाउलबद्दल मिळालेल्या फ्री थ्रोंपैकी दोन बसले, मिनेसोटा 140-139. ह्याचं समर्थन मी करणार नाही, कुणी करू नये.

पण हे दोष काही लॉस एंजेलिसला पोचल्यावर उगवलेले नव्हते, आणि खरी गोम इथेच आहे.

2019-20 मध्ये तो ह्यूस्टनला होता. तिथल्या लोकांनी डोकं चालवलं. वेस्टब्रुक थ्री मारू शकत नाही, त्याला धावायला मोकळी जागा लागते, आणि क्लिंट कपेला हा उंच खेळाडू बास्केटखाली उभा राहून तीच जागा अडवतो. फेब्रुवारी 2020 मध्ये त्यांनी कपेलाला चक्क अटलांटाला पाठवलं आणि पाचही खेळाडू बाहेर पसरवून खेळले. त्या मोसमात वेस्टब्रुकची सरासरी 27.2 गुण, थ्रीचे प्रयत्न कमी, नेम 47 टक्क्यांवर, तोवरचा त्याचा सर्वोत्तम. प्लेऑफमध्ये करोना आणि मांडीच्या दुखापतीने घात केला आणि ह्यूस्टन हरलं. हरलं कुणाकडून? लेकर्सकडूनच. म्हणजे त्याला कसं वापरायचं आणि कसं अडवायचं, दोन्ही लेकर्सनी समोरून पाहिलं होतं.

एवढं पाहून 2021 च्या उन्हाळ्यात त्यांनी काय केलं? काईल कुझमा, केंटेवियस काल्डवेल-पोप, मॉन्ट्रेझ हॅरेल आणि ड्राफ्टमधली (नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीतली) बाविसावी निवड वॉशिंग्टनला देऊन वेस्टब्रुक आणला. लेकर्सच्या लेब्रॉन जेम्सलाही चेंडू हातात लागतो आणि रिंगकडे मुसंडी मारायला आवडतं. त्याचा जोडीदार अँथनी डेव्हिस, त्याचं घरही रिंगजवळच. पथकात ढोलवाले भरपूर असताना आणखी एक ढोल आणायचा आणि ताशेवाल्याला घरी पाठवायचं, तसला प्रकार. काल्डवेल-पोप हा बाहेरून मारणारा आणि समोरच्याला चिकटून राहणारा खेळाडू, म्हणजे या त्रिकुटाला हवा तसाच. तो देऊन टाकला. लेकर्सच्याच ॲलेक्स करुसोला शिकागोने चार वर्षांचे 37 दशलक्ष दिले, लेकर्सनी तेवढे दिले नाहीत. त्याऐवजी टॅलन हॉर्टन-टकरला तीन वर्षांचा करार दिला. करुसो पुढे 2025 मध्ये ओक्लाहोमाबरोबर विजेता झाला.

मग उरलेल्या जागा भरल्या त्या कुणी? कार्मेलो अँथनी 37 वर्षांचा, ट्रेवर अरिझा 36, ड्वाइट हॉवर्ड आणि राजन राँडो 35. लीगमधला सगळ्यात वयस्कर संघ. केंड्रिक नन दुखापतीमुळे अख्खा मोसम एकही सामना खेळला नाही. अरिझा मोसमाच्या सुरुवातीलाच घोटा धरून बसला. 2020-21 मध्ये बचावात लीगमध्ये अव्वल असलेला संघ एका वर्षात विसाव्या क्रमांकाच्याही खाली घसरला. आणि कपेलाला हटवून ह्यूस्टनने जी जागा मोकळी केली होती, तिथे लेकर्सनी हॉवर्ड आणि डीआंद्रे जॉर्डन आणून उभे केले!

त्यात दुखापती. लेब्रॉन 56 सामने खेळला, डेव्हिस 40. तिघं एकत्र उतरले ते फक्त 21 सामन्यांत, आणि त्यातले 11 जिंकले, 10 हरले. भारी नाही, पण बुडणाऱ्या संघाचा आकडाही नव्हे. एकूण 33 विजय, 49 पराभव. वेस्टब्रुक 78 सामने खेळला, 18.5 गुण, 7.4 रिबाउंड, 7.1 असिस्ट. त्याच्या मानाने वाईट मोसम, हे कबूल. पण जो रोज हजर असतो तोच रोज दिसतो आणि रोज शिव्या खातो. आपल्याकडे लेकर्सचे घरचे सामने सकाळी नऊच्या सुमारास, ऐन ऑफिसच्या वेळेत. पूर्ण सामना बघतो कोण? दुपारी डबा खाताना हुकलेल्या शॉट्सची क्लिप बघितली की मत तयार. त्या मोसमात मार्च 2022 मध्ये वेस्टब्रुक पत्रकारांसमोर उघड बोलला, की आडनावाची 'वेस्टब्रिक' (ब्रिक म्हणजे रिंगवर आपटून हुकलेला शॉट) अशी टिंगल करणं बंद करा. मुलाच्या शाळेतल्या शिक्षकांनी त्याला सांगितलं होतं की मुलगा मोठ्या अभिमानाने जिथेतिथे हे आडनाव लिहितो. त्याच्या बायकोला धमक्या येत होत्या. शंभरातले सत्तर थ्री हुकतात म्हणून हे?

मोसम संपल्या संपल्या प्रशिक्षक फ्रँक व्होगेलला काढलं. संघ बांधणारे रॉब पेलिंका मात्र खुर्चीवर कायम. त्या वेळच्या बातम्यांनुसार लेब्रॉन आणि डेव्हिसही या सौद्याच्या बाजूने होते, पण आरोपपत्रात त्यांची नावं कुठे आहेत?

'तो गेला आणि लेकर्स सुधारले' हा लोकांचा हुकमाचा एक्का. आकडे खरे आहेत: फेब्रुवारी 2023 मध्ये सौदा झाला तेव्हा लेकर्स 25-30, नंतर 18-9. पण एक खेळाडू नुसता वजा झाला नव्हता. त्या सौद्यात डीअँजेलो रसेल, मलिक बीझली आणि जॅरेड व्हँडरबिल्ट आले, आणि रुई हाचिमुरा त्याआधी जानेवारीत आला होता. दोन बाहेरून मारणारे आणि दोन लांब हातांचे फॉरवर्ड, सगळे तिशीच्या आत. म्हणजे पेलिंकांनी 2021 मध्ये जे करायला हवं होतं ते दीड वर्षाने केलं. यातून वेस्टब्रुकची गैरसोय सिद्ध होत असेल, तर पेलिंकांची चूकही तितकीच सिद्ध होते.

आणि वेस्टब्रुक ज्या संघात जातो तो बुडतो असा नियम असेल, तर वॉशिंग्टनचं काय? 2020-21 मध्ये तो संघ 17-32 असा गाळात होता. शेवटच्या 23 सामन्यांतले 17 जिंकून त्यांनी प्लेऑफ गाठलं. त्या मोसमात वेस्टब्रुकची सरासरी पुन्हा ट्रिपल-डबलचीच होती, आणि रॉबर्टसनचा कारकिर्दीतला 181 ट्रिपल-डबलचा विक्रमही त्याने तेव्हाच मोडला. लेकर्सनंतर लॉस एंजेलिसच्याच क्लिपर्सकडे गेला तेव्हा पहिले पाचही सामने ते हरले, हे विरोधकांना पाठ असतं. एप्रिल 2023 मध्ये फिनिक्सविरुद्धच्या प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात त्याचे 19 पैकी फक्त 3 शॉट बसले. तरी शेवटच्या मिनिटात डेव्हिन बुकरचा शॉट अडवून, चेंडू बाहेर जाताना बुकरच्याच अंगावर मारून ताबा मिळवला तो त्यानेच. त्या मालिकेत क्लिपर्सचा पॉल जॉर्ज दुखापतीने एकही सामना खेळला नाही, क्वाय लेनर्ड दोन सामन्यांनंतर बाहेर गेला. वेस्टब्रुकची सरासरी 23.6.

राहिले 47 दशलक्ष. पाच वर्षांचा, 205 दशलक्षांचा तो करार 2017 मध्ये ओक्लाहोमाने केला होता, एमव्हीपी मिळाल्यानंतरच्या सप्टेंबरमध्ये. शेवटचं वर्ष घ्यायचं की नाही ही निवड खेळाडूच्या हातात होती आणि त्याने त्या वर्षाचे हे 47 दशलक्ष घेतले. कुणीही घेतले असते. लेकर्सनी 2021 मध्ये सौदा केला तेव्हा त्या कराराची प्रत्येक ओळ त्यांच्यापुढे होती. तो करार संपल्यावर हाच माणूस क्लिपर्स आणि डेन्व्हरकडे वर्षाला तीन-चार दशलक्षांत खेळला, त्याच नेमबाजीसकट आणि त्याच धावाधावीसकट. नोव्हेंबर 2024 मध्ये डेन्व्हरच्या जर्सीत त्याचं दोनशेवं ट्रिपल-डबल झालं, आणि त्या किमतीला त्याला ओव्हररेटेड म्हणणारे तेव्हा फारसे कुणी दिसत नव्हते.